सूत जाड काढलं म्हणजे दोरा होत नाही

चोपडा, धरणगाव, पारोळा, कुठंही जा, आपल्या खान्देशात कापूस आणि जिनिंग भरपूर, तरी लोकांना वाटतं शिवायचा दोरा म्हणजे काय, सूत थोडं जाड काढायचं की झालं. नाही हो. घरातल्या रिळाचा वीतभर दोरा तोडा, टोक उलटं फिरवून सोडवा, बहुतेक वेळा दोन नाहीतर तीन पदर वेगळे होतील.

कापसाचा तंतू जेमतेम 3 सेंटीमीटर. मग लांब सूत टिकतं कसं? पिळामुळे. ताण आला की पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो, घर्षण वाढतं, ते सरकत नाहीत. पण पीळ दिलेलं सूत सारखं उलगडायला बघतं, सैल सोडलं की स्वतःभोवती गुंडाळून वेटोळी पडतात, असं सूत मशीनवर चालणारच नाही. म्हणून दोन-तीन सुतं एकत्र घेऊन उलट दिशेनं पीळ देतात आणि इथंच खरी गंमत आहे, आतलं सूत उलगडायला गेलं की बाहेरचा पीळ घट्ट होतो आणि बाहेरचा उलगडायला गेला की आतला! पोळ्याआधी बैलाचा दोर वळतात तेव्हा हेच होतं. दोन पदरांत बाहेरचा पीळ आतल्याच्या साधारण दोन तृतीयांश ठेवला की दोघांचा जोर जवळपास सारखा होतो आणि दोरा गप पडून राहतो.

दुसरा फायदा गणिताचा. सूत कुठं जाड कुठं बारीक असतं आणि तुटतं ते बारीक जागी. पण तिन्ही पदरांच्या बारीक जागा एकाच ठिकाणी येणं अवघड, म्हणून असमानता पदरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होते, म्हणजे 3 पदरांत मूळच्या सुमारे 58 टक्के, 4 पदरांत बरोब्बर निम्मी. एकच जाड सूत काढून एवढा एकसारखेपणा येत नाही.



शिलाई मशीनच्या दोऱ्याचा शेवटचा, म्हणजे बाहेरचा पीळ मात्र बहुतेक झेड दिशेचा असतो, दोरा उभा धरला की वळसे झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखे तिरके दिसतात. कारण टाका पडताना मशीनची हालचाल एस पीळ, म्हणजे झेडच्या उलट दिशेचा पीळ, उलगडते आणि तोच तुकडा टाक्यात बसायच्या आधी सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा पुढं-मागं घासला जातो, पीळ उलगडला तर पदर सुटून तिथंच तटकन तुटतो. पॉलिस्टरच्या दोऱ्यालाही हेच लागू.