लायपेज आणि सीआरपी: निदानाचा आकडा वेगळा, गांभीर्याचा वेगळा

स्वादुपिंडाला अचानक सूज आली (ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस) आणि रिपोर्टवर लायपेज २,४०० दिसलं की घरच्यांचं धाबं दणाणतं. दोन दिवसांनी ७०० झालं की जीव भांड्यात पडतो. आधीची भीती आणि नंतरचा दिलासा, दोन्हींसाठी हा आकडा कुचकामी आहे.

लायपेज एवढंच सांगतं की दुखणं स्वादुपिंडाचं आहे. आतड्यात जाऊन चरबी पचवायचं हे एन्झाइम, स्वादुपिंडाच्या पेशींना इजा झाली की रक्तात झिरपतं. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट भरलं आणि पोटदुखीही तशीच असली, की निदान झालं. पुढे ते पाचपट आहे की चाळीसपट, यावरून आजार किती गंभीर हे ठरत नाही. ते ४ ते ८ तासांत चढतं, साधारण २४ तासांत शिगेला पोचतं आणि मग उतरू लागतं. पेशंट खालावत असला तरी उतरतं! त्यामुळे निदानानंतर रोज लायपेज करून हाती फारसं काही लागत नाही. अमायलेज या स्वादुपिंडाच्या दुसऱ्या एन्झाइमची गतही तीच, फक्त ते आणखी लवकर खाली येतं.

सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे दाह दाखवणारं प्रथिन तयार होतं यकृतात. दाह अंगभर पसरू लागला की इंटरल्युकिन-६ हे निरोप पोचवणारं प्रथिन यकृताला कामाला लावतं, आणि या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या कमी सीआरपीवर विसंबू नये. बघायचं ते ४८ तासांनी: लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता वाढते. इथे एककाकडे नीट बघा. काही लॅब डेसिलिटरमध्ये आकडा देतात. तिथे १८ दिसलं तर ते खरं १८० असतं. बिचारं १८ बघून कुणी घाबरत नाही.

सीआरपीची खोट अशी की न्यूमोनियातही ते असंच चढतं, पित्तनलिकेच्या संसर्गातही.

मग पहिले ४८ तास काय बघायचं? माझ्या मते, रिपोर्टमधल्या ज्या ओळी कुणी वाचत नाही त्या. ब्लड युरिया नायट्रोजन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर आहे का (नुसता युरिया लिहिला असेल तर सुमारे ४३) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ४४ टक्क्यांच्या वर आहे का. या आजारात रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर पाझरतं, रक्त दाट होतं, मूत्रपिंडाकडे जाणारा पुरवठा घटतो. सलाइन चालू असूनही २४ तासांत हे आकडे खाली येण्याऐवजी चढत असतील, तर लायपेज कितीही उतरलेलं असो, काळजी वाढते.

आजाराला 'गंभीर' हा शिक्का मात्र यातल्या एकाही तपासणीवरून बसत नाही. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात त्यासाठी फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण ४८ तासांहून जास्त कोलमडलेलं असावं लागतं. त्यामुळे राउंडला रक्ताच्या रिपोर्टइतकीच नजर ऑक्सिजन, रक्तदाब आणि लघवीच्या पिशवीवरही असते.