डुकरं गाडीत चढवण्याआधी: नागपूर जिल्ह्यातल्या लहान वराहपालकांसाठी

घरामागं दोन माद्या असोत की शेडमध्ये वीस डुकरं, वाहतुकीचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. हे मोठ्या फार्मवाल्यांचं काम, असं हिंगणा-उमरेडकडे अजूनही बरेच जण समजतात, आणि अडचण नेमकी रस्त्यात येते.

पहिलं काम कानातल्या टॅगचं. 12 अंकी टॅग सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत लावून मिळतो, त्याची नोंद 'भारत पशुधन' प्रणालीवर होते. जून 2024 पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. नोंदीसाठी आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर न्या. डुकरं विकत घेतली असतील तर नोंदीत मालकाचं नाव बदलून घ्या. हे हमखास राहून जातं.

दुसरं, आरोग्य दाखला. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांनुसार डुकरं प्रवासाला योग्य आहेत आणि त्यांना संसर्गजन्य रोग नाही, असं पशुवैद्यकानं तपासून लिहून द्यावं लागतं. दाखला नसेल तर गाडीवाल्यानं माल घ्यायचाच नाही, असा नियम आहे. म्हणून आधी डॉक्टर, मग गाडी. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, डुकरांची संख्या लिहिलेला कागदही सोबत लागतो.

साडेचार-पाच टनी गाडीत 20 पेक्षा जास्त डुकरं भरता येत नाहीत. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना वेगळा कप्पा हवा, खाली तणसाचा जाड थर हवा. पाय बांधून नेणं तर नियमातच बसत नाही. पोत्यात कोंबून मोटारसायकलवर नेणाऱ्यांना हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. डुकराला घामानं अंग थंड ठेवता येत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पहाटेच गाडी भरा, वाटेत अंगावर पाणी मारा.

आफ्रिकन स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग, निघाला की हे सगळे दाखले थांबतात. बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटर बाधित क्षेत्र, 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र ठरतं आणि डुकरांची ने-आण बंद होते. या रोगावर भारतात लस नाही. साध्या स्वाइन फीवरची मात्र आहे, ती टोचून घ्या.

ताप, अंगावर लाल-निळे चट्टे, एकामागून एक मरतूक दिसली की घाबरून उरलेली डुकरं स्वस्तात विकू नका. रोग गावोगाव पसरतो तो असाच. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानं ग्रामपंचायतीला कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा, आणि डॉक्टर येईपर्यंत एकही डुक्कर शेडबाहेर काढू नका.