मलूल पाने म्हणजे नेहमीच पाण्याची कमतरता नव्हे

पाने मलूल दिसली की झाडाला पाणी कमी पडले आहे, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. तो स्वाभाविक आहे, कारण कोरड्या मातीतही पाने अशीच मलूल होतात. मात्र मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे माती सतत चिंब राहिली की मुळांची ऊर्जा घटते, त्यांच्या पेशींतील पाणी आत घेणारे मार्ग बंद होऊ लागतात आणि भोवती पाणी असूनही पाने मलूल होतात. अशा वेळी आणखी पाणी घालणे खरोखर घातक ठरते. म्हणून आधी मातीत बोट खोलवर घालून ओल तपासावी. भर दुपारी मलूल झालेली पाने संध्याकाळी आपोआप ताठ झाली, तर तो बहुधा उन्हाचा तात्पुरता परिणाम असतो.