लाल बावटा कलापथक

लाल बावटा कलापथक : मुंबईच्या गिरणगावात १९४४ साली उभे राहिलेले शाहिरांचे पथक. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता (द. ना.) गव्हाणकर ही त्याची तीन प्रमुख माणसे. पोवाडा, लावणी, छक्कड (लावणीसारखाच एक गेय प्रकार) आणि वगनाट्य (तमाशातले कथानाट्य) हे गावाकडचे प्रकार या पथकाने कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या प्रश्नांसाठी वापरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच्या गाण्यांनी सभा भरत. पथक कम्युनिस्ट पक्षाच्या आधाराने चालले हे खरे, पण त्याच्याकडे निव्वळ पक्षप्रचार म्हणून पाहिले तर त्याचे मोल कळत नाही. गिरणीत राबणाऱ्या माणसाने गावाहून सोबत आणलेली कला त्याच्याच हाताने नव्याने घडवली गेली, ही त्याची खरी कामगिरी आहे.

लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर भागांतून आलेले कामगार दाटीने राहत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी, गाववार गाळे, खाणावळी, गणपतीतली भजने, शिमग्यातली सोंगे असा हा संसार होता. बायको-पोरे बहुधा गावी असत. तमाशाचे फड हंगामात मुंबईला उतरत आणि त्यांना हक्काचा प्रेक्षक याच वस्तीत मिळे. १९२८ च्या मोठ्या संपातून गिरणी कामगार युनियन पुढे आली. ती ‘लाल बावट्याची युनियन’ म्हणूनच ओळखली जाई आणि पथकाचे नावही तिथूनच आले.

गाण्यातून विचार सांगण्याची वाट महाराष्ट्रात आधीच मळलेली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढच्या काळात त्या चळवळीचे जलसे गावोगाव फिरले. तमाशाचाच साचा घेऊन ते भटजी-सावकारांच्या पिळवणुकीवर बोट ठेवत. आंबेडकरी चळवळीतही भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे जलसे गाजत होते. लाल बावट्याचे शाहीर याच परंपरेतले. शिवाय २५ मे १९४३ रोजी मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला होता. त्याच्याशी पथकाचे जवळचे नाते राहिले आणि पुढे अण्णा भाऊ त्या संघाचे अध्यक्षही झाले.

अण्णा भाऊ (मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे) यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मातंग समाजात हलगी, डफ, तुणतुणे ही वाद्ये घरचीच. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम आला. कुटुंबाबरोबर पायी मुंबईला आल्यावर त्यांनी हमाली, फेरी, गिरणीकाम असे मिळेल ते केले आणि दुकानांच्या पाट्या व भित्तिपत्रके वाचत अक्षरे गिरवली. मधल्या काळात गावी परतले तेव्हा नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते रमले. वग कसा बांधायचा, सोंगाड्याने हशा कुठे घ्यायचा, ढोलकीने कुठे उचलायचे, हे त्यांनी तिथे बोर्डावर उभे राहून शिकून घेतले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांना चळवळ भेटली. तिथल्या डासांवर त्यांनी केलेले गाणे हे त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी एक मानले जाते. डास हा विषय किरकोळ वाटेल, पण ज्या वस्तीत गटारे तुंबलेली आणि माणसे उघड्यावर झोपणारी, तिथे तो रोजचा विषय होता. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गेच्या काठचा वेढा त्यांनी महाराष्ट्रातल्या वीरगाथेच्या चालीवर बसवला आणि दूरच्या लढाईची कथा चाळीतल्या माणसाला आपलीशी करून दिली.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आई मुनेरबी यांच्या ओव्या आणि लोकगीते ऐकत ते वाढले. बसवर क्लीनर, गिरणीत कामगार अशी कामे करताना ते संपात उतरले आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन आले. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत असताना ‘अमर शेख’ हे नाव त्यांना मिळाले. त्यांचा आवाज ही पथकाची सर्वांत मोठी दौलत होती. पहाडी, वर चढत जाणारा आणि शब्द न् शब्द स्वच्छ पोहोचवणारा असा तो आवाज होता. हजारोंच्या मैदानात ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्यांचे अडत नसे, असे त्यांना ऐकलेली माणसे सांगत. ते स्वतः कवी होते. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की (रशियाचा क्रांतिकारी कवी) म्हटले.

दत्ता गव्हाणकर या दोघांच्या मानाने कमी बोलले गेले. तेही शाहीर आणि लोकनाट्यकार होते. एकाची लेखणी आणि दुसऱ्याचा गळा अशी पथकाची वाटणी पुष्कळदा सांगितली जाते, पण ती फार सोपी आहे. तिघेही लिहीत आणि तिघेही गात. त्यांच्यामागे डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज सांभाळणारे आणि झील धरणारे, म्हणजे मागून सूर उचलणारे, साथीदार उभे असत.

पथकाचा कार्यक्रम चाळीच्या पटांगणात, परळच्या कामगार मैदानावर, युनियनच्या सभेत, नाहीतर गावच्या पारासमोर होई. पडदा, नेपथ्य, रंगभूषा यांची फारशी गरज नसे. आधी पोवाडा किंवा गाणी, मग वग, असा साधारण क्रम असे. पोवाड्यात मुख्य शाहीर डफावर थाप मारून कडवे म्हणे, झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत शेवट उचलत, आणि मध्येच गाणे थांबवून शाहीर गद्यात बोलू लागे. या गद्यात त्या दिवसाची बातमी, त्या गिरणीतला तंटा, समोर बसलेल्यांपैकी कुणाचा अनुभव सहज मिसळता येई. रेशनच्या रांगा, काळा बाजार, महागाईभत्ता हे विषय असे आयत्या वेळी वगात शिरत. छापील संहितेत ही जागा दिसत नाही, म्हणून आज ते वग वाचताना काही ठिकाणी सपाट वाटतात. ती प्रयोगात भरायची होती.

तमाशाचा परंपरागत क्रम गण (आरंभीचे वंदन), गवळण, बतावणी (विनोदी संवाद) आणि वग असा. अण्णा भाऊंनी तो मोडला नाही, आतून बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला, शिवाजी महाराजांना आणि हुतात्म्यांना वंदन आले. कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची गवळण गळाली. वगातले राजे-प्रधान जाऊन सावकार, शेटजी, दलाल आणि निवडणुकीतला पुढारी आला. सोंगाड्या मात्र राहिला आणि त्याचे वजन उलट वाढले. पूर्वी तो राजाची खोडी काढणारा नोकर होता, आता तो मालकाला प्रश्न विचारणारा गडी झाला. ‘अकलेची गोष्ट’ (१९४५) हे या घडणीचे पहिल्या काळातले उदाहरण. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही पुढची. त्यांत भाषणे आहेत आणि काही पात्रे एकरंगी आहेत. पण सावकारापुढे अडाण्याचे सोंग घेऊन त्याचेच शब्द त्याच्या गळ्यात बांधणारा सोंगाड्या आजही वाचताना हसवतो.

जुन्याशी हे नाते कसे होते ते मुंबईवरच्या लावणीत सर्वांत स्पष्ट दिसते. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे. अण्णा भाऊंच्या वाटेगावचा तालुकाही तोच. बापूरावांनी मुंबईचे वैभव लावणीत गायले होते : तिथल्या पेठा, इमारती, झगमगाट. गावाहून पहिल्यांदा आलेल्या माणसाचे दिपून जाणे त्यात आहे. अण्णा भाऊंनी तोच प्रकार आणि तोच विषय घेऊन मलबार हिलच्या शेजारी परळ मांडला. वरच्या टेकडीवर कुबेरांची वस्ती, खाली रातदिवस राबणाऱ्यांच्या चाळी, फोरास रोडवरची बाजारात बसलेली बाई, फूटपाथवरचा बेकार. लावणीला वर्णनाची सवय असतेच. अण्णा भाऊंनी तिला फक्त नजर वळवायला लावली. बापूरावांना त्यांनी खोडून काढले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या माणसाने बापूराव मनापासून ऐकले नाहीत त्याला ही लावणी रचता आली नसती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे पथकाला कठीण गेली. कम्युनिस्ट पक्षावर सरकारचा रोष होता, कार्यकर्ते तुरुंगात किंवा भूमिगत होते. मुंबई प्रांताचे गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे असताना तमाशावर आणि लाल बावट्याच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशा बंद झाल्याने हजारो कलावंतांच्या पोटावर पाय आला, ही त्या काळातली मोठी शोकांतिका होती आणि तिची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही. पथकाने आपले खेळ लोकनाट्य म्हणून चालू ठेवले. पुढे मध्यमवर्गीय रंगभूमीवर लोकनाट्याची लाट आली आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही तो प्रकार गाजवला, पण त्याची पायवाट गिरणगावात पडलेली होती. याच वर्षांत अण्णा भाऊ कथा-कादंबरीकडे अधिक वळले.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात आला आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली आणि त्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. त्या काळात अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर पुन्हा एका व्यासपीठावर दिसू लागले. शाहीर आत्माराम पाटील आणि शाहीर साबळे यांच्यासारखे इतर शाहीरही मैदानात होते. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी यांच्या सभांआधी शाहीर उभे राहत आणि पुढाऱ्यांना यायला उशीर झाला तर तासन्‌तास गर्दी धरून ठेवत.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड या चळवळीची सर्वांत टिकलेली रचना. तिची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवात निव्वळ विरहाची आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, घरी राहिलेली बायको, तिचे रूप, निरोपाची वेळ, तिने मागितलेले दागिने. इथवर ऐकणाऱ्याला ती शृंगाराची छक्कड वाटते आणि गिरणगावातल्या प्रत्येकाला आपली स्वतःची वाटते, कारण प्रत्येकाची बायको गावावरच होती. मग गडी मुंबईत येतो, बेकारी पाहतो, चळवळीत सापडतो. आणि शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख आणि गावी राहिलेली मैना एक होतात. सीमाप्रश्नावरची शेकडो भाषणे विसरली गेली, ही छक्कड राहिली. राजकीय मागणी आणि घरचे दुःख यांची अशी गाठ मराठी शाहिरीत दुसरीकडे क्वचितच पडली आहे.

१ मे १९६० ला राज्य झाले. त्यानंतर पथक म्हणून एकत्र असे फारसे काम उरले नाही. अमर शेख आपले कलापथक घेऊन फिरत राहिले. गोवामुक्तीसाठी त्यांनी गाणी गायली आणि १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी संरक्षणनिधीसाठी कार्यक्रम केले. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. मात्र मुंबईतल्या चिरागनगरच्या झोपडीतला त्यांचा काळ हलाखीचा होता. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि या शाहिरीचा मूळ श्रोता पांगला. विद्रोही शाहिरांच्या पुढच्या पिढ्यांनी, त्यांत विलास घोगरे, संभाजी भगत आणि पुण्याचा कबीर कला मंच, हा डफ उचलला, तो प्रामुख्याने झोपडपट्ट्यांत आणि दलित वस्त्यांत. अण्णा भाऊंच्या नावाने २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे. वाटेगावच्या वाटेवर आणि मुंबईच्या उरल्यासुरल्या चाळींत १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, त्यांच्या रचना आजही सार्वजनिक कार्यक्रमांत म्हटल्या जातात, आणि त्यांतली छक्कड बहुतेकांना तोंडपाठ असते.