घोड्याची ‘चामखीळ’ आणि ४४ अमिनो आम्लांचा उपद्व्याप

घोड्याच्या अंगावर बारकी गाठ दिसली की पहिला सल्ला ठरलेला, चामखीळ आहे हो, दोरा आवळून बांधा, गळून पडेल. कधी कधी पडतेही, आणि तिथेच घोळ होतो. कारण ती बऱ्याचदा चामखीळ नसतेच, सारकॉइड असतो, घोड्यांमध्ये जगभर सगळ्यात जास्त आढळणारा त्वचेचा ट्यूमर. वरचा भाग गळतो, मुळं चामडीत तशीच राहतात आणि पुढे तिथेच आधीपेक्षा मोठा, ओला, हात लावला की रक्त येणारा गोळा उगवतो.

गंमत म्हणजे यामागचा व्हायरस घोड्याचा नाहीच, गायीबैलांचा आहे. बोव्हाइन पॅपिलोमा व्हायरस, मुख्यतः टाइप १ आणि २. गायीला तो चामखिळी आणतो, त्या बहुतेक वेळा आपोआप जातात. घोड्यात मात्र त्याचा डीएनए फायब्रोब्लास्ट (त्वचेखालचं जोडणारं ऊतक बनवणाऱ्या) पेशींत शिरून बसून राहतो, नवे व्हायरस सहसा बनतच नाहीत. व्हायरसला काही फायदा नाही, घोड्याला मात्र भोगायला लागतं.

हे करतं कोण, तर या व्हायरसचं ई५ नावाचं प्रोटीन, फक्त ४४ अमिनो आम्लांचं (इन्सुलिनसुद्धा ५१ चं असतं!). एरवी जखम झाली की प्लेटलेट्स पीडीजीएफ नावाचा सिग्नल सोडतात, तो फायब्रोब्लास्टवरच्या रिसेप्टरला (सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनला) चिकटतो, दोन रिसेप्टर जोडीने येऊन एकमेकांना फॉस्फेट लावतात आणि पेशीला निरोप जातो की वाढ, जखम भरून काढ. जखम भरली की सिग्नल थांबतो. ई५ बाहेरून येतच नाही, रिसेप्टरचा जो तुकडा पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेला असतो त्यालाच ते आतल्या आत बिलगतं आणि पीडीजीएफचा एकही रेणू नसताना दोन रिसेप्टर एकत्र आणतं, दारावरची बेल कोणी न दाबता अडकून वाजत राहावी तसं. वर आणखी कहर म्हणजे पेशीच्या आतली खबर बाहेर दाखवणारे एमएचसी क्लास १ चे रेणू ते गॉल्जीमध्येच (पेशीतल्या पॅकिंग विभागातच) अडकवतं, त्यामुळे आत काय शिजतंय ते रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशींना कळत नाही. जुन्या जखमेच्या जागी सारकॉइड का उगवतात, याचा थोडा अंदाज इथे येतो. माश्यांच्या अंगावरही या व्हायरसचा डीएनए सापडलाय, म्हणून उघड्या जखमेवर माश्या बसू देऊ नका.

ओळखणं सोपं नाही. ऑकल्ट प्रकार म्हणजे केस गेलेला, कोंडा धरलेला गोल चट्टा, अगदी गजकर्णासारखा. मग बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) का नाही? कारण शांत बसलेल्या सारकॉइडला टोचलं की तो चवताळू शकतो. म्हणून व्हेट कधी नुसती नजर ठेवतात, कधी पूर्ण गाठच काढून तपासायला पाठवतात. ग्रे घोड्याच्या शेपटीखाली काळी टणक गाठ असेल तर मात्र मेलॅनोमाचा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या ट्यूमरचा) संशय आधी घ्यायचा, तो वेगळाच प्रकार, एसटीएक्स१७ जीनमधल्या डुप्लिकेशनमुळे (एक तुकडा दोनदा आल्यामुळे) केस पांढरे होतात आणि मेलॅनोमाचा धोकाही वाढतो, हे २००८ साली कळलं. ‘म्हातारपणी होतंच, राहू द्या’ म्हणून तो सोडून देणं चूकच, गाठ लहान असताना काढणं खूप सोपं असतं.

सारकॉइड शरीरात इतरत्र पसरत नाही पण जागेवर खोल जातो. लेझर, आजूबाजूची निरोगी त्वचा धरून सर्जरी, गाठीत सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाचं इंजेक्शन, डोळ्याजवळ बीसीजी लस किंवा रेडिएशन. सगळीकडे चालेल असा एक उपाय नाही, जागा आणि प्रकार बघून ठरतं. देठ असलेल्या गाठीला व्हेटही रबरी रिंग लावतात, पण खाली मूळ आहे का ते चाचपून.

आणि हो, काही सारकॉइड, विशेषतः तरुण घोड्यांतले, काहीही न करता जातात. नेमकं त्याच सुमारास कोणी मंत्र मारलेला असतो नाहीतर ‘चमत्कारी’ लेप लावलेला असतो, श्रेय त्याला. कातडी जाळणारे असले लेप डोळ्याजवळ लावले तर पापणीच जायची. त्यापेक्षा शेजारी नाणं धरून दर महिन्याला गाठीचा फोटो काढून ठेवा, व्हेटला त्याचा खूप उपयोग होतो.