ब्रेक ऑइल जातं कुठे?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ब्रेक ऑइल थोडंफार कमी व्हायचंच, वरून टाकलं की झालं." पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही जुन्या इंजिनात थोडं जळतं, म्हणून ब्रेक ऑइलही वापरलं की संपत असणार, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. ब्रेकच्या नळ्यांमध्ये काहीही जळत नाही. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतली पातळी खाली गेली, तर कारणं दोनच असू शकतात: एक निरुपद्रवी, दुसरं जिवावर बेतणारं.

निरुपद्रवी कारण आधी पाहू. पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात, तसा कॅलिपरमधला (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागातला) दट्ट्या बाहेर सरकत राहतो आणि त्याच्यामागे मोकळी झालेली जागा भरायला टाकीतलं द्रव खाली उतरतं. दट्ट्याचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटीमीटर धरा. दोन्ही पॅड मिळून १४ मिलिमीटर झिजले, तर एका चाकामागे २५ सीसी, दोन्ही चाकांमागे ५० सीसी द्रव टाकीतून कमी होतं. एवढ्याशा टाकीत पातळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेजवळ यायला तेवढं पुरतं. मात्र ही घट कित्येक हजार किलोमीटरमध्ये हळूहळू होते. पंधरा दिवसांत किंवा महिन्यात पातळी डोळ्यांदेखत उतरत असेल, तर ती गळतीच.

गळती इतकी गंभीर का, हे आकड्यांतून लगेच कळतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, नसलेली गाडी घेऊ. पायाचा जोर २० किलो, पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन १०० किलो. मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरचा, व्यास १९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.८४ चौरस सेंटीमीटर. दाब झाला दर चौरस सेंटीमीटरला ३५ किलो, टायरमधल्या हवेच्या सोळा-सतरा पट. हाच दाब १८ चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्यावर पडला की पॅडवर सव्वासहाशे किलोंहून जास्त बल येतं. एवढी किमया फक्त द्रव दबत नाही म्हणून होते. या दाबाखाली १०० सीसी ब्रेक ऑइल जेमतेम ०.२ सीसीने आकसतं.

आता गळतीच्या वाटेने एक सीसी हवा आत शिरली असं धरा. ३५ किलोंच्या दाबाखाली तो बुडबुडा छत्तिसाव्या हिश्श्याएवढा होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. त्याची जागा भरून काढायला मास्टर सिलिंडरचा दट्ट्या साडेतीन मिलिमीटर जास्त सरकावा लागतो आणि पेडल त्याच्या पाचपट, म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर जास्त खाली जातं. एका सीसीला पावणेदोन सेंटीमीटर! असे तीन-चार बुडबुडे झाले की पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही.

आता या सगळ्या यंत्रणेतल्या माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यामध्ये फट असतेच, नाहीतर दट्ट्या हललाच नसता. त्या फटीतून इतक्या दाबाखालचं द्रव बाहेर का येत नाही? उत्तर आहे वाटीच्या आकाराचा एक छोटासा रबरी वॉशर. सायकलच्या हातपंपातला चामड्याचा वॉशर पाहिला असेल, तर हा त्याचाच भाऊबंद. वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला असतं आणि तिची कड सिलिंडरच्या व्यासापेक्षा किंचित मोठी, त्यामुळे ती भिंतीला मुळातच हलकीशी टेकून बसते. पेडल दाबलं की द्रव वाटीत शिरतं आणि तिची कड आतून बाहेर, भिंतीवर रेटतं. म्हणजे द्रवाला अडवायचं काम द्रवाचाच दाब करतो. दाब ५ किलो असो की ५०, कडेचा भिंतीवरचा रेटा नेहमी त्याहून थोडा जास्तच, कारण त्यात रबराचा मूळचा ताण मिळालेला असतो. मास्टर सिलिंडरमध्ये हीच वाटी झडपेचंही काम करते. पेडल सोडल्यावर दट्ट्या झपाट्याने मागे येतो, पुढे क्षणभर दाब कमी होतो, कड आतल्या बाजूला दुमडते आणि मागचं द्रव तिला वळसा घालून पुढे जातं. दोन-तीनदा पंप केल्यावर बसलेलं पेडल वर येतं, ते या जादा द्रवामुळे.

चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक असलेली पहिली विक्रीची गाडी म्हणजे अमेरिकेतली १९२१ ची ड्यूसेनबर्ग मॉडेल ए. अशा ब्रेकचा एक आद्य रचनाकार माल्कम लॉकहीड याच्या सुरुवातीच्या रचनेत वॉशर चामड्याचे होते आणि ते झिरपत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी इंजिनिअरांनी त्या जागी रबरी वाट्या बसवल्या. तिथून पुढे हा ब्रेक भरवशाचा झाला.

ही वाटी जुनी झाली की काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण निदानाची किल्ली तिथेच आहे. रबर कडक होतं, आकसतं, कडेला चरा पडतो आणि रबराचा मूळचा ताण संपतो. कड भिंतीपासून केसभर सुटते. अशा वाटीवर जोरात पेडल मारलं, तर दाब इतक्या झटकन चढतो की द्रव निसटण्याआधीच कड भिंतीवर आपटून फट बंद होते. ब्रेक झकास लागतो आणि मालक निर्धास्त होतो. तेच पेडल हळूहळू, हलक्या पायाने दाबलं, तर कडेला चिकटायला पुरेसा दाब तयारच होत नाही. द्रव आरामात फटीतून मागे जातं आणि पेडल पायाखाली सावकाश बुडत राहतं. म्हणून जुन्या गाडीची तपासणी करताना गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून, पेडल एकदा जोरात आणि एकदा अगदी हलक्या पायाने मिनिटभर दाबून धरा. जोरात दाबल्यावर टिकतं आणि हळू दाबल्यावर बुडतं, पण टाकीतली पातळी तशीच राहते, असं दिसलं, तर मास्टर सिलिंडरची पुढची वाटी गेली आहे. द्रव बाहेर न येता आतल्या आत टाकीकडे परतत असतं, त्यामुळे जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. चाकाजवळच्या सिलिंडरमधली वाटी अशीच सैल झाली, तर मात्र द्रव बाहेर येतं: रात्रभर उभ्या गाडीच्या चाकाशी ओल दिसते आणि दिवसा, दाबाखाली, ब्रेक चांगले लागतात.

रबर आणि सिलिंडर खराब करतं मुख्यतः पाणी. नेहमीचं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, ग्लायकॉल ईथर जातीचं असतं आणि हवेतली वाफ शोषून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीला याचा फटका जास्त. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही हमी १५५ अंशांवर येते. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय असेल, तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि द्रवात वाफ झाली की बुडबुड्याचा वरचाच हिशेब लागू होतो. पाण्याने सिलिंडरची भिंतही गंजते, तिला बारीक खड्डे पडतात. मग नवी वाटीही त्यांवरून घासत जाते आणि कापली जाते. मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) बदलल्यावर थोड्याच दिवसांत व्हील सिलिंडर, म्हणजे ते पट्टे ड्रमवर रेटणारा चाकातला सिलिंडर, गळू लागल्याची तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुधा इथेच असतं. जाड लायनरमुळे दट्ट्या आत ढकलले जातात आणि वाट्या साचलेल्या मळाच्या, गंजाच्या भागावर जाऊन बसतात.

गळती शोधताना वरून खाली, पुढून मागे जावं. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलेला असतो, तिथला रंग फुगला किंवा सोलला असेल, तर मागची वाटी झिरपते आहे. हे द्रव बूस्टरमध्ये साचतं, म्हणून जमीन कोरडीच राहते. मग लोखंडी पाइप, विशेषतः जिथे ते क्लिपखाली चिखल धरतात त्या जागा. मग चाकांजवळचे रबरी होज: त्यांना चिरा आहेत का, कोणी पेडल दाबल्यावर फुगतात का. मग कॅलिपर आणि हवा काढायचं निपल. शेवटी मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरचा रबरी बूट हलकेच मागे सारून पाहायचा. आत ओल असेल, तर सिलिंडर गेला. टायरची आतली बाजू ओली असणं, हीदेखील त्याचीच खूण.

दिसलेली ओल ब्रेक ऑइलचीच आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक थेंब पेलाभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिनचं, गिअरचं किंवा शॉकअॅब्सॉर्बरचं तेल वर तरंगतं, रंगीत तवंग धरतं. प्रीमियर पद्मिनीसारख्या, मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत हे फार कामी येतं, कारण तिथे ड्रममध्ये अॅक्सलचं तेलही उतरू शकतं आणि दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी.

ही तेलं ब्रेक ऑइलपेक्षा अगदी वेगळ्या जातीची, म्हणून टाकीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ओतायचं नाही. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग एक वाटी बदलून भागत नाही, होजसकट सगळं रबर बदलावं लागतं. गळती "आपोआप थांबवणाऱ्या" बाटल्यांबद्दलही मला हेच सांगायचं आहे. रबर फुगवून कड तात्पुरती टेकवता येईल, पण चरा भरत नाही आणि गंजलेला खड्डाही बुजत नाही. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो. श्रद्धा ज्याची त्याची, पण घाटात "ब्रेक अचानक फेल झाले" असं जे म्हटलं जातं, त्यामागे बहुतेकदा महिनोन्महिने चाललेली, कोणीही न पाहिलेली झीज असते. ती नजर लागून होत नाही आणि लिंबाने थांबतही नाही. हार घालताना बॉनेट उघडून टाकीची पातळीही पाहा.

दुरुस्तीत काटकसर करण्याची जागा कमी. सिलिंडर गुळगुळीत असेल, तरच नुसतं रबर किट घालावं. खड्डे असतील तर सिलिंडरच नवा, आणि तोही दोन्ही बाजूंचा. ब्रेक ऑइलने भिजलेले लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवू नयेत. द्रव आत मुरलेलं असतं, गरम झाल्यावर बाहेर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. रबरी भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत, स्वच्छ ब्रेक ऑइलने धुवायचे. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम हवेच्या झोताने साफ न करता ओल्या फडक्याने पुसावा.

मग दुरुस्तीत नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढायची. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ते चाक मागचं डावं. मात्र काही गाड्यांत नळ्यांची जोडणी तिरपी असते, तिथे मॅन्युअलमधला क्रम पाळावा. एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास विसरली जाते: हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबायचं नाही. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या पहिल्या निम्म्या भागातच फिरतो. पुढचा भाग कधीच पुसला जात नाही, तिथे गंज आणि मळ बसतो. पेडल तळाला नेलं की वाटीची कड त्यावर घासते आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज गळू लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

काम झाल्यावर टाकीवर पातळीची खूण करून तारीख लिहावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावं. हळू दाबण्याची चाचणीही त्याच वेळी परत करावी. उघडलेल्या बाटलीतलं उरलेलं ब्रेक ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, ते बाटलीतही पाणी शोषत राहतं. रंगावर सांडलेला थेंब लगेच भरपूर पाण्याने धुवावा, आणि काढलेलं जुनं द्रव गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात भरून टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, वेगळं द्यावं.