'फ्रायडे नाइट लाइट्स'च्या पहिल्या एपिसोडमागचं ओडेसा

'फ्रायडे नाइट लाइट्स' ही टेक्सासमधल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलवरची सिरीयल. ३ ऑक्टोबर २००६ ला एनबीसी या अमेरिकन चॅनलवर आलेल्या तिच्या पहिल्या एपिसोडमध्ये डिलन गावच्या शाळेच्या टीमचा, डिलन पँथर्सचा, स्टार क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जेसन स्ट्रीट सीझनच्या पहिल्याच मॅचला समोरच्या खेळाडूला टॅकल करताना, म्हणजे अडवून पाडताना, मणक्याला मार लागून मैदानावर निपचित पडतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हा टीव्हीवाल्यांनी घातलेला मसाला आहे. पण तसं अजिबात नाहीये.

डिलन हे गाव काल्पनिक, पण त्याचं मूळ वेस्ट टेक्सासमधल्या ओडेसात आहे. १९८८ मध्ये बझ बिसिंजर हा पुलित्झर पुरस्कार मिळालेला पत्रकार फिलाडेल्फियाहून बिऱ्हाड हलवून तिथे राहायला गेला आणि पर्मियन हायस्कूलच्या टीमबरोबर अख्खा सीझन काढला. गाव तेलावर जगणारं, १९८६ ला तेलाचे भाव कोसळले तसं कंबरडंच मोडलेलं, अभिमानाने सांगावं असं उरलं होतं ते शुक्रवार रात्रीचं फुटबॉल. स्टेडियम जवळपास २० हजारांचं, तेही शाळकरी पोरांच्या मॅचसाठी! या सीझनवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने हिशोबही मांडलाय, बाहेरगावच्या मॅचना जायला चार्टर विमानांवर साधारण ७० हजार डॉलर आणि इंग्रजी विभागाला शिकवायच्या साहित्यासाठी ५,०४० डॉलर. मला तर या दोन आकड्यांतच सगळी सिरीयल दिसते.

त्या टीमचा हिरो होता बूबी माइल्स. मोठमोठ्या कॉलेजांची पत्रं येत होती त्याला, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच सराव सामन्यात गुडघा गेला. गाव लगेच पुढच्या पोराकडे वळलं. पहिल्या एपिसोडमध्ये स्ट्रीटच्या जागी घाबरलेला मॅट सॅरसन उतरतो, मॅच जिंकून पण देतो, तिकडे स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये आणि इकडे स्टेडियममध्ये जल्लोष, तेव्हा मला बूबीच आठवतो.

पण मणक्याचं ते वेगळ्या ठिकाणाहून आलंय. बिसिंजरचं ते पुस्तक १९९० चं, त्यावर २००४ मध्ये सिनेमा केला तो त्याच्याच नात्यातल्या पीटर बर्गने, आणि त्या कामासाठी टेक्सासात फिरताना बर्गने एका हायस्कूल मॅचमध्ये एक पोरगा असाच पडून कायमचा अपंग झालेला डोळ्यांनी बघितला होता. पुढे सिरीयलचा पहिला एपिसोडही त्यानेच डायरेक्ट केला, एकाच वेळी तीन कॅमेरे, रिहर्सल जवळपास नाहीच, त्यामुळे स्ट्रीट पडल्यानंतरची ती शांतता अंगावर येते.

वंशभेदाचा भाग मात्र पहिल्या एपिसोडमध्ये फारसा येत नाही. ओडेसातली कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मुलांची एक्टर हायस्कूल ही शाळा कोर्टाच्या आदेशानंतर १९८२ मध्ये बंद झाली, मग कुठल्या वस्तीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार यात फुटबॉलचा फायदा बघितला गेला असं बिसिंजरने लिहिलं, आणि गाव त्याच्यावर इतकं खवळलं की धमक्यांमुळे त्याला पुस्तकासाठीचा तिथला दौरा रद्द करावा लागला. सिरीयलने हा विषय खऱ्या अर्थाने हातात घेतला तो चौथ्या सीझनला, गावात ईस्ट डिलन ही दुसरी शाळा वेगळी झाल्यावर.